जिन्याखालची पोती

सेवानिवृत्तीनंतर परदेशप्रवास करणारे आता आपल्या समाजात दुर्मीळ राहिलेले नाहीत. सहल कंपनीची बस, पुढे झेंडी उंचावून चालणारा मार्गदर्शक, सोबत महाराज आणि त्यांच्या हातची पोळी-भाजी, अशा थाटात १२ दिवसांत ८ देश पाहून आलेले आमच्याच नात्यात चार-पाच जण आहेत. त्यात काही वावगे आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मात्र गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि माझा बालमित्र अण्णा, दोघेही पासष्टी ओलांडलेले, पाठीवर प्रत्येकी ९ किलोंची पिशवी घेऊन इटली या एकाच देशात १६ दिवस हिंडून आलो. हा प्रवास कसा घडला, आणि त्यातल्या एका गावी जे पाहिले त्याने अण्णाच्या घरी पुढे काय झाले, ते येथे लिहावे असे अनेक दिवस मनात होते. अण्णाची अनुमती घेऊनच लिहीत आहे.

अण्णा कापडाचा व्यापारी. सांगलीच्या कापड पेठेत त्याच्या आजोबांनी १९३८ साली दुकान मांडले. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी एम. कॉम. होऊन बँकेत शिरलो. त्याने वाणिज्य शाखेचे पहिले वर्ष कसेबसे पुरे केले आणि तो गल्ल्यावर बसला, कारण वडील तो ११ वर्षांचा असतानाच गेले होते आणि दुकान तोवर दिवाणजींच्या भरवशावर चालले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्याच्या दुकानात ते पुरुषभर उंच होते. ताके वाहून गेले नाहीत, जागीच कुजले. त्यातून सावरतो न सावरतो तो टाळेबंदी आली. मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात स्थिरावलेला. अखेर अण्णाने दुकानाची जागा विकली. ताबा गुढीपाडव्याला द्यावयाचा ठरला. या सर्व काळात तो दुकानाविषयी एक अक्षर बोलला नाही. हवापाणी, राजकारण, माझा रक्तदाब, यांवर मात्र पूर्वीसारखाच बोलत असे.

प्रवासाची कल्पना त्याचीच. एके दिवशी सकाळी फिरावयास गेलो असता तो म्हणाला, “साहेब, तू मला कॉलेजात असताना म्हणाला होतास, व्हेनिसला हिशेबाचे पहिले पुस्तक छापले म्हणून. ते गाव दाखव.” लुका पाचोली या गणिती भिक्षूचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसला छापला गेला आणि दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले छापील विवेचन त्यात आहे, हे मी त्याला कधीतरी पन्नास वर्षांपूर्वी सांगितले असणार. मी स्वतः विसरलो होतो. अखेर व्हेनिसला जाणे झालेच नाही, कारण फेब्रुवारीत तेथे मुखवट्यांचा उत्सव असतो आणि त्या दिवसांत निवासाचे दर पाहून आम्ही दोघांनीही हात जोडले. उरलेल्या इटलीत मात्र फेब्रुवारी हा मंदीचा महिना. थंडी, रिमझिम पाऊस, लवकर मावळणारा दिवस. उन्हाळ्यात जेथे दोन-दोन तास रांगेत उभे राहावे लागते, तेथे आम्ही थेट आत गेलो. अण्णाचे व्यापारी तत्त्वज्ञान असे की, लग्नसराईत गिऱ्हाइकाला माल मिळतो, पण श्रावणात आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार बसा म्हणतो. इटलीत याचा प्रत्यय आम्हांला पदोपदी आला.

आहाराचा प्रश्न अनेकांनी विचारला, म्हणून आधीच सांगून टाकतो. अण्णा कंदमुळे खात नाही आणि सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास तेथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि खाणावळी साडेसातपूर्वी रात्रीचे जेवण देत नाहीत. म्हणून आम्ही तरुण प्रवाशांच्या वसतिगृहांतून उतरलो, जेथे सामायिक स्वयंपाकघर असते. संध्याकाळी पाच वाजता दोन म्हातारे मुगाच्या डाळीची खिचडी शिजवीत आहेत आणि एक कोरियन विद्यार्थी कुतूहलाने भांड्यात डोकावत आहे, हे दृश्य नित्याचे झाले. बरोबर बिनलसणाचे भडंग, मेतकूट आणि खाकरे होतेच. तेथील प्रसिद्ध पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनवितात, हे ठाऊक असू द्यावे. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने ते ताटात यावयाचे राहत नाही. ताज्या शेवयांत बहुधा अंडे असते. सुक्या, पाकीटबंद पास्त्यात सहसा ते नसते. टस्कनी प्रांतातील पावात मीठच घालत नाहीत. अण्णा तो पाव मेतकुटाबरोबर मोठ्या प्रेमाने खात असे.

रोममध्ये तीन दिवस होतो. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. तेथून रेल्वेने फ्लॉरेन्स. रेल्वेविषयी एवढेच सांगतो की, प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात छापून घेतल्याखेरीज गाडीत चढू नये. तिकीट खिशात असूनही दंड होतो. “म्हणजे चेक आहे, पण सही नाही,” असा अर्थ अण्णाने लावला, तो अगदी बरोबर होता.

फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी एका गल्लीत अण्णा थबकला. भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक लहानशी संगमरवरी पाटी होती आणि तिच्याखाली एक आडवी रेघ. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी येथवर आले होते, असे तिच्यावर लिहिलेले. अशा पाट्या त्या शहरात जागोजागी आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी पुस्तके त्या पुरात चिखलात बुडाली आणि देशोदेशींच्या तरुणांनी येऊन ती एकेक करून बाहेर काढली. फ्लॉरेन्सचे लोक त्या मुलांना अजून चिखलातील देवदूत म्हणतात. मी हे सांगत असता अण्णा रेघेकडे पाहत होता. त्याने हात उंच करून बोटे तिला टेकविली आणि म्हणाला, “आपल्याकडे ही पाटी कोणी लावली नाही.” दुकान बुडाल्यानंतर पुराविषयी त्याच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. मी काही बोललो नाही.

फ्लॉरेन्समध्ये चित्रे पाहिली, फार पाहिली. ज्या उफित्सी संग्रहालयाचा एवढा गवगवा आहे, त्या नावाचा अर्थ निव्वळ ‘कचेऱ्या’ असा आहे. सोळाव्या शतकात ती इमारत सरकारी दफ्तरांसाठी बांधली गेली. उभे आयुष्य कचेरीत काढलेल्या माणसाला या माहितीने थोडासा गर्व वाटला, हे सांगावयास हरकत नाही. परंतु आम्हा दोघांच्या मनात घर करून राहिली ती निराळीच वास्तू. अनाथ अर्भकांसाठी बांधलेले ‘इन्नोचेन्ती’ नावाचे रुग्णालय. ब्रुनेलेस्की या थोर वास्तुकाराने १४१९ साली त्याचे काम हाती घेतले आणि ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तेथे पहिले मूल दाखल झाले, एक मुलगी. आता तेथे संग्रहालय आहे. एका दालनात भिंतभर लहान-लहान खण आहेत. एक ओढला की आत अर्धे तुटलेले नाणे किंवा अर्धे पदक. मूल सोडून जाताना आई अर्धा तुकडा त्याच्या गळ्यात बांधी आणि अर्धा स्वतःपाशी ठेवी, पुढेमागे परत नेता आले तर ओळख पटावी म्हणून. संस्थेने तो तुकडा मुलाच्या नोंदीसोबत जपून ठेवला. आम्ही दहा-बारा खण उघडले. मग अण्णाने उघडण्याचे थांबविले.

तेथील फलकावर मी वाचले की, या कार्यासाठी मूळ १,००० फ्लोरिनांची देणगी प्रातो गावच्या एका व्यापाऱ्याने मृत्युपत्राने दिली होती. प्रातो हे गाव फ्लॉरेन्सपासून गाडीने अर्ध्या तासावर. ते कापडाचे गाव आहे, एवढे मला माहीत होते. अण्णा म्हणाला, “उद्या तिकडेच जाऊ. मूर्ती पुष्कळ झाल्या.”

प्रातोत प्रवासी फारसे उतरत नाहीत, फेब्रुवारीत तर नाहीतच. गावाचा कापडाशी संबंध मध्ययुगापासूनचा. परंतु एकोणिसाव्या शतकापासून त्याची खरी ख्याती आहे ती चिंध्यांवर. जगभरातील जुने लोकरी कपडे येथे येतात, हातांनी रंगवार निवडले जातात, पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची नवी लोकर विणली जाते. रंग आधीच निवडलेला असल्याने पुन्हा रंगविण्याची आवश्यकता बरीच कमी होते. आपल्याकडे पानिपतला हाच धंदा आहे. जुन्या गिरणीत उभारलेल्या वस्त्रसंग्रहालयात अण्णा तीन तास रमला. जेथे हात लावण्यास अनुमती होती तेथे तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड धरून डोळे मिटून उभा राही. काउंटरवरील बाई आधी संशयाने पाहत होत्या. मग त्यांनी आपल्या गळ्यातील रुमाल काढून त्याच्या हाती दिला आणि ‘सांगा पाहू’ अशा अर्थाची खूण केली. अण्णाने तो चाचपून, उजेडाकडे धरून, माझ्या तोंडून इंग्रजीत सांगितले की यात लोकर आहे, पण निखालस लोकर नव्हे. बाईंनी रुमालाला शिवलेली चिठ्ठी वाचून पाहिली आणि टाळ्या वाजविल्या. श्रावणात आलेले गिऱ्हाईक, दुसरे काय!

त्या व्यापाऱ्याचे नाव फ्रांचेस्को दातिनी. जन्म १३३५ च्या सुमारास. १३४८ च्या भीषण प्लेगमध्ये आई, वडील आणि दोन भावंडे गेली. शेजारच्या एका स्त्रीने त्याला सांभाळले. पंधराव्या वर्षाच्या आसपास तो फ्रान्समधील अविन्यों येथे गेला, जेथे त्या काळी पोपची गादी होती. शस्त्रे, कापड, मीठ, मसाले, जे विकेल ते विकून गबर झाला. तिशी-चाळिशीत परदेशात पेढी जमवून तो गावी परतला आणि पुढे फ्लॉरेन्स, पिसा, जिनोव्हा, बार्सिलोना अशा ठिकाणी त्याने भागीदारीच्या पेढ्या चालविल्या. १४१० साली वारला. पत्नीपासून त्याला अपत्य नव्हते. सुमारे ७०,००० फ्लोरिनांची मालमत्ता त्याने गावातील गरिबांसाठी संस्था करून ठेवली, आणि तिच्यावर चर्चची नव्हे तर नगरसभेची देखरेख राहील अशी व्यवस्था केली. संस्थेचे नाव ‘चेप्पो’. त्याचा अर्थ झाडाचा पोकळ बुंधा. पूर्वी दानाचे पैसे अशा बुंध्यात टाकीत. सहाशे वर्षे उलटून गेली, ती संस्था अद्याप आहे आणि दातिनीचे घर तिच्याच मालकीचे आहे.

त्याच्या घरात शिरलो तेव्हा आमच्याखेरीज कोणी नव्हते. दर्शनी भिंतीबाहेर एके काळी त्याच्या जीवनातील प्रसंग रंगविलेले होते. आता रेषा तेवढ्या दिसतात. आत तळमजल्यावर काचेखाली पत्रे आणि वह्यांची पाने मांडली आहेत. दातिनीने मृत्युपत्रात आपले सर्व कागद एकत्र करून घरातच ठेवावेत, असे सांगितले होते. ते ठेवले गेले आणि नंतर लोक ते विसरले. १८७० साली ते सापडले. जिन्याखालच्या जागेत, पोत्यांत भरलेले. सुमारे १,५०,००० पत्रे, ५०० हून अधिक हिशेबाच्या वह्या, भागीदारीचे शेकडो करार, विम्याचे शेकडो कागद, हुंड्या, धनादेश. युरोपातील मध्ययुगीन व्यापाराविषयी आज विद्वानांना जे माहीत आहे, त्यातील फार मोठा भाग एका कापडवाल्याच्या या पोत्यांतून आला आहे. आज प्रातोचे सरकारी दफ्तरखाने त्याच घरात आहे.

वह्यांच्या पहिल्या पानावर देवाचे नाव आणि त्याच्या जोडीला नफ्याचे नाव लिहिण्याची त्याची रीत होती. मी ते समजावून सांगितल्यावर अण्णा हसला. “शुभ लाभ,” तो म्हणाला. “आपणच मोठे धार्मिक, असे वाटत होते मला.” सुरुवातीच्या वह्या साध्या नोंदींच्या आहेत आणि उत्तरकाळातील वह्यांत दुहेरी नोंद दिसते, म्हणजे पाचोलीचे पुस्तक छापण्याच्या शंभर वर्षे आधी. व्हेनिस हुकल्याचे दुःख तेथेच संपले. मांडणी मात्र आपल्या उलट. आपल्या कीर्दीत जमा डाव्या हाताला आणि नावे उजव्या हाताला. त्यांच्याकडे नावे डावीकडे, जमा उजवीकडे. बँकेत रुजू झाल्यावर पहिले सहा महिने माझा हात याच जागी अडखळत असे.

एका फलकावर दातिनीची पत्नी मार्गेरिता हिची पत्रे होती. नवरा बहुतेक काळ फ्लॉरेन्स वा पिसा येथे पेढीवर आणि ती प्रातोत. घर, नोकर, धान्य, खेचरे, पाहुणे, सर्व काही पत्रांतून चाले. आरंभी ती लेखनिकाकडून पत्रे लिहवून घेई. पुढे, वयाची तिशी उलटल्यावर, ती स्वतः लिहावयास शिकली. मी फलकावरील इंग्रजी मजकूर मराठीत सांगत गेलो आणि पुढच्या पेटीकडे वळलो. अण्णा आला नाही. तो तेथेच उभा होता.

“आई शिकली होती,” तो म्हणाला.

मी त्याच्या आईला ओळखत होतो. सारी पेठ त्यांना अक्का म्हणे. चौथीपर्यंत शाळा झालेली, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, दुकानाच्या पायरीवर कधी कोणी पाहिल्या नाहीत. अण्णा सांगू लागला. वडील गेले त्या वर्षी, १९६९ साली, दिवाणजी सर्व व्यवहार पाहत. संध्याकाळी चोपड्या लाल फडक्यात बांधून घरी आणून ठेवीत आणि सकाळी नेत. रात्री मुले निजली की आई चोपडी उघडून कंदिलापाशी बसे. प्रथम त्याला वाटले की वडिलांचे अक्षर पाहत बसते. मग एकदा तो जागा झाला तेव्हा ती बोटांवर मोजत होती आणि हातात त्याची शाळेची पेन्सिल होती. हे किती दिवस चालले, ती काय करीत होती, दिवाणजींना ठाऊक होते की नव्हते, हे त्याने तिला कधी विचारले नाही. पुढे तो स्वतः गल्ल्यावर बसला आणि चोपड्या घरी येणे थांबले. पन्नास वर्षांच्या मैत्रीत हे मला पहिल्यांदाच कळत होते.

मग तो म्हणाला, “त्या चोपड्या माळ्यावर आहेत. रद्दीवाल्याला सांगून आलोय.”

पुराने खालच्या कपाटांतील दफ्तर नेले होते. माळ्यावरचे वाचले. १९३८ पासूनच्या कीर्दी आणि खतावण्या तेथे होत्या. जागेचा ताबा द्यावयाचा, तर त्या कोठे ठेवणार? मुलाने रास्त प्रश्न विचारला होता आणि अण्णाने रास्त उत्तर दिले होते. बँकेतही याहून वेगळे काय असते? नियमाप्रमाणे काही कागद ५ वर्षे आणि काही ८ वर्षे जपावयाचे, त्यानंतर यादी करून नष्ट करावयाचे. अशा कित्येक याद्यांवर माझी सही आहे.

त्या घराच्या अंगणात उभे राहून अण्णाने मुलाला दूरध्वनी लावला. आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजले असतील. मुलगा आठवड्याची सुटी काढून सांगलीतच होता. तो म्हणाला, “बाबा, काल एक टेम्पो गेला. बाकीचे उद्या नेणार आहे.” अण्णाने विचारले, कोणत्या रांगा गेल्या? मुलगा म्हणाला, पुढच्या. भिंतीलगतच्या आहेत अजून. अण्णा म्हणाला, “उद्याचे थांबव.” पलीकडून ‘का’ असे विचारले गेले असावे. अण्णा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “आल्यावर सांगतो. थांबव एवढंच.”

गावच्या बदाम घातलेल्या कडक बिस्किटांची मोठी कीर्ती आहे. त्यांत अंडे असल्याने आम्हांला त्यांचा उपयोग नव्हता. चौकात दातिनीचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी बसून संत्री खाल्ली आणि परतलो.

पुढचे दोन दिवस अण्णा एका वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडीत होता. माळ्यावर किती रांगा, रांगेत किती चोपड्या, कोणत्या साली कोणती ठेवली असेल. आम्ही पिसाला जाऊन आलो. कलता मनोरा कलताच आहे. पण तेथे दोन गोष्टी मिळाल्या. एक खाण्याची. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्याच जिनसांचे, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेले ‘चेचिना’ नावाचे धिरडे. अण्णाने तीन तुकडे खाल्ले, मी दोन. दुसरी गोष्ट म्हणजे मनोऱ्याजवळच्या जुन्या दफनभूमीच्या ओवरीत असलेला पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, पुतळा. याचा बाप उत्तर आफ्रिकेतील बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचा अधिकारी होता. मुलगा तेथे भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य शिकला आणि १२०२ साली त्याने त्यांवर ग्रंथ लिहिला. आपले अंक युरोपच्या पेढ्यांत पोहोचविण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. त्यांचे स्वागत सरळ झाले नाही. फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने १२९९ साली हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली. आकडा बदलणे सोपे, शब्द बदलणे अवघड, ही भीती आपल्या धनादेशावर आजही आहे. रक्कम अक्षरी लिहावी लागते ती उगीच नव्हे.

शेवटचा मुक्काम सिएना. फ्लॉरेन्सहून तेथे बसने जावे. रेल्वेस्थानक डोंगराच्या पायथ्याशी आहे, बस गावाच्या तोंडाशी सोडते. आम्ही ननांनी चालविलेल्या एका निवासगृहात उतरलो. स्वच्छता, शांतता, रात्री ठरल्या वेळी दार बंद. आपल्या जुन्या धर्मशाळेचीच आठवण व्हावी. तेथे १४७२ साली स्थापन झालेली जगातील सर्वांत जुनी चालू बँक आहे. तिच्या किल्लेवजा कचेरीसमोर मी माझे छायाचित्र काढवून घेतले. २०१७ साली इटलीच्या सरकारला भांडवल घालून तिला तारावे लागले, तेव्हा वयाने शहाणपण येतेच असे नाही.

पण सिएनात पाहावयाचे ते निराळे. तेथील दफ्तरखान्यात हिशेबाच्या वह्यांची लाकडी मुखपृष्ठे आहेत, शंभरावर. नगराच्या खजिन्याचा कारभार दर सहा महिन्यांनी नव्या माणसांकडे जाई. जाणारा आपली वही मिटताना तिच्या लाकडी पुठ्ठ्यावर चित्र काढवून घेई. सर्वांत जुने १२५८ सालचे. त्यावर खजिनदार आहे आणि तो सान गालगानो मठाचा साधू आहे. नगराच्या पैशाला ज्याचे घरदार नाही असा माणूस ते पुष्कळदा मुद्दाम निवडीत. मेजाशी बसलेला पांढऱ्या वस्त्रांतील साधू, समोर वही, असे पुठ्ठे एकामागून एक पाहताना मला मार्चअखेरीच्या रात्री आठवल्या. ताळेबंद जुळल्यावर चहा मागविणे एवढाच आमचा समारंभ असे. चित्रकार बोलावण्याची तरतूद कोणत्याही परिपत्रकात नव्हती.

“सहा महिन्यांत बदली?” अण्णा म्हणाला. “तुझी तीन वर्षांनी व्हायची तरी वहिनी किती रडायच्या.”

सांगलीला परतलो त्याच संध्याकाळी आम्ही माळ्यावर चढलो. मुलाने टेम्पो खरोखर थांबविला होता. एवढेच नव्हे, भिंतीलगतच्या चोपड्या झटकून, वर्षांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. ३१ होत्या. १९७५ नंतरचे काहीच उरले नव्हते. वडील गेल्यानंतरची पहिली चोपडी, संवत २०२६ ची, आम्ही दोनदा शोधली. ती गेली होती. आईच्या काळातील दोनच सापडल्या, संवत २०२७ आणि संवत २०२९. दुसरी १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षाची.

२०२७ च्या चोपडीत पेन्सिलीची एकही खूण नव्हती. अण्णाने ती पानपान पाहिली. मला वाटले, आता तो पुरे म्हणेल. त्याने दुसरी उघडली. दिवाणजींचे वळणदार अक्षर, काळी शाई, पानाच्या तळाशी बेरीज. आणि प्रत्येक बेरजेखाली, उजव्या कोपऱ्यात, इतक्या बारीक आकड्यांत की प्रथम डाग वाटावा, तीच बेरीज पेन्सिलीने. पान उलटावे तर तेथेही. पाचाचा आकडा थोडा आडवा, जणू लिहिणाऱ्याला त्याची सवय नव्हती. मुलगा खाली उकिडवा बसून विजेरी धरून होता. तो काही विचारत नव्हता.

फाल्गुनातल्या एका पानावर दोन बेरजा निराळ्या निघाल्या. पेन्सिलीची ११ रुपयांनी कमी होती. अण्णाने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला आणि वरपासून खाली, मग खालपासून वर, दोनदा बेरीज केली. पेन्सिल बरोबर होती. अण्णाने पान उलटले. पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून दिवाणजींनी शाईने जी रक्कम आणली होती, ती पेन्सिलीची होती.